कर्नलचा विटाळ

लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर कोसळला की स्क्रीन काळी होते. मशीन पुन्हा सुरू करून मागच्या खेपेचा लॉग उघडला की त्या क्षणाची नोंद सापडते. ती वाचायला अजिबात सोपी नसते: मेमरीचे पत्ते, फंक्शनांची नावं, रजिस्टरांमधले आकडे. त्या गर्दीत सुरुवातीलाच एक इंग्रजी शब्द असतो, 'टेंटेड', आणि त्याच्यापुढे दोन-तीन सुटी अक्षरं. पी, ओ, ई.

टेंटेड म्हणजे डागाळलेलं, असं डिक्शनरी सांगेल. कोकणात वाढलेल्या माणसाला याहून जवळचा शब्द माहीत असतो, फक्त तो उच्चारताना जीभ अडखळते. बाटलेलं. कर्नल बाटला आहे असं कर्नल स्वतःच लिहून ठेवतो. हा शब्द तिथे का आला, आणि तो तिथे असल्यामुळे कुणाचं काय होतं, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावतोय.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. ड्रायव्हर हा त्या गाभ्यात जाऊन बसणारा कोड. लिनक्सचा कर्नल कुणालाही उघडून वाचता येतो. पण काही कंपन्या आपल्या कार्डाचा ड्रायव्हर बंद ठेवतात. मशीनला चालवता येईल अशा रूपात देतात, माणसाला वाचता येईल अशा रूपात देत नाहीत. असा ड्रायव्हर लोड झाला की कर्नल आपल्या वहीत खूण करतो. 'पी' म्हणजे प्रोप्रायटरी, मालकीचा. 'ओ' म्हणजे कर्नलच्या मुख्य सोर्सबाहेर तयार झालेला. 'ई' म्हणजे सही नसलेला. प्रत्येक खुणेला एक आकडा आहे: 1, 4096, 8192. तिन्ही मिळून 12289. बंद ड्रायव्हरवाल्या कितीतरी मशीनांना विचारलं तर हेच उत्तर येतं.

आणि हा डाग पुसता येत नाही. ड्रायव्हर काढून टाकला तरी खूण राहते. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं तरच जाते. प्रायश्चित्ताची सोय नाही, थेट पुनर्जन्म.

गोव्यात आणि वसईकडे एक गोष्ट सांगतात. पोर्तुगीज काळात म्हणे रात्री गावच्या विहिरीत पाव टाकायचे. सकाळी लोक पाणी भरून, पिऊन मोकळे झाले की त्यांना सांगायचं, तुम्ही बाटलात. मी ही गोष्ट इतिहास म्हणून सांगत नाही. पण ती आपल्याला पटते, यातच सगळं आलं. पावाने पाण्याचं काहीही झालेलं नसतं. होतं ते एवढंच की शेजारच्या गावचे लोक या गावच्या पंगतीला बसत नाहीत. डाग पाव लावत नाही, शेजारी लावतात.

कर्नलमधला डाग तसाच आहे का? पहिल्यांदा वाचताना मला तसंच वाटलं होतं. आमचं ते शुद्ध, बाहेरचं ते अशुद्ध. पण जरा खोलात गेलं की चित्र बदलतं.

कर्नलमध्ये शिरलेला प्रत्येक ड्रायव्हर तीच मेमरी वापरतो. आत भिंती जवळपास नाहीत. ब्राउझर किंवा गेम कोसळला तर तो आपल्यापुरता मरतो, कारण त्याला त्याची वेगळी खोली दिलेली असते. ड्रायव्हरला नसते. ग्राफिक्स ड्रायव्हरने चुकून एका भलत्याच पत्त्यावर चार बाइट लिहिले, तर त्याचा परिणाम तासाभराने डिस्कवर फाईल सेव्ह करताना दिसू शकतो. तेव्हा लॉगमध्ये नाव येईल फाईल सिस्टिमचं. फाईल सिस्टिम सांभाळणारा माणूस आठ दिवस आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसेल, जी तिथे नाहीच. आतला सगळा कोड वाचता येत असेल तर कधीतरी माग लागतो. एक तुकडा बंद असेल तर माग त्या दारापाशी संपतो. म्हणून 2001 च्या सुमारास ही खूण आली. तिचा अर्थ एवढाच: या मशीनमध्ये मला न दिसणारं काहीतरी आहे, त्यामुळे मी जे सांगेन त्याची खात्री देऊ शकत नाही.

म्हणजे पावाने पाणी बिघडत नव्हतं, पण इथे पाणी खरंच बिघडू शकतं. हा पहिला फरक. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो सांगण्याआधी एक कबूल करायला हवं. माणसाच्या पाण्याचा प्रश्न आणि ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न एका वाक्यात ठेवणं धोक्याचं आहे. एकात माणसं मेली आहेत, दुसऱ्यात फार तर रात्र वाया जाते. मी दोन्ही दुःखं एका मापाची आहेत असं म्हणत नाही. पण शब्द एकच आहे, तेव्हा तो कुठे कसा वागतो ते बघायला हवं.

20 मार्च 1927 ला महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. तळं नगरपालिकेचं होतं आणि पालिकेने ते सगळ्यांना खुलं असल्याचा ठरावही केलेला होता. तरी नंतर सवर्णांनी दूध, दही, शेण आणि गोमूत्राच्या 108 घागरींनी ते तळं 'शुद्ध' करून घेतलं. हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. आता इथे दार कुणी लावलं होतं? सवर्णांनी. डाग कुणाला लावला? दाराबाहेर उभं असलेल्याला. विटाळाची सगळी रचनाच अशी आहे की जो कुलूप लावतो तो शुद्ध, आणि ज्याच्या तोंडावर दार बंद होतं तो बाटलेला. रत्नागिरीत 1931 साली भागोजीशेठ कीरांच्या पैशातून सर्व जातींना खुलं असलेलं देऊळ उभं राहिलं, त्याचंही नाव पतितपावन. दार उघडतानासुद्धा आत येणाऱ्यांपैकी कुणीतरी 'पतित' आहे हे नावात राहूनच गेलं.

कर्नलमध्ये बाण उलटा आहे. जो दार लावतो त्याच्या नावाने खूण. दार उघडा, 'पी' जातो.

शिवाय कर्नल स्वतःलाही सोडत नाही, हे मला फार आवडतं. त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये गंभीर चूक होऊन तो धडपडला, तर तो 'डी' अशी खूण करतो. नुसती धोक्याची सूचना छापावी लागली तरी 'डब्ल्यू'. हार्डवेअरने दगा दिला तर 'एम'. घरातलाच पण अजून कच्चा असलेला ड्रायव्हर घेतला तर 'सी'. पूर्ण खुला, पण मुख्य सोर्सबाहेर तयार झालेला ड्रायव्हर असेल तरी 'ओ' लागतोच, मग तो कितीही भल्या माणसाने लिहिलेला असो. विटाळ मानणाऱ्या कुणी स्वतःच्या स्पर्शाने स्वतःला बाटलेलं म्हटल्याचं ऐकलंय?

खुणेची लाज मात्र खरी असते. 2004 साली लिनक्संट नावाच्या मॉडेम ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीने एक चलाखी केली. प्रत्येक ड्रायव्हरने आपलं लायसन्स काय ते कर्नलला सांगायचं असतं. यांनी लिहिलं 'जीपीएल', म्हणजे खुलं, आणि त्याच्या लगेच पुढे एक शून्य अक्षर टाकलं. सी भाषेत शून्य अक्षर आलं की वाक्य संपलं. कर्नलने 'जीपीएल' एवढंच वाचलं आणि खूण केली नाही. शून्याच्या पुढे लिहिलं होतं की हे लायसन्स अमुक फोल्डरमधल्या फाईलींपुरतंच आहे. पकडले गेल्यावर त्यांचं म्हणणं असं की त्या सूचनेमुळे ग्राहक घाबरतात. असेलही. पण खरं सांगण्याने ग्राहक घाबरत असेल तर त्याला ते कळू द्यायचं की नाही, हा निर्णय कंपनीने परस्पर घेऊन टाकला.

ग्राफिक्सच्या बाबतीत हे भांडण सगळ्यात जास्त गाजलं ते एनव्हिडियाशी. 2012 च्या जूनमध्ये फिनलंडच्या आल्टो युनिव्हर्सिटीत लिनस टोरवाल्ड्सने भर सभेत कॅमेऱ्याकडे बघून या कंपनीला मधलं बोट दाखवलं. तो व्हिडिओ तुम्ही मीम म्हणून पाहिला असेल. त्याच्या कितीतरी आधी, 2005-06 पासून, 'नूवो' नावाच्या प्रकल्पात काही लोक बंद ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो ते बाहेरून ऐकून त्यावरून खुला ड्रायव्हर लिहीत होते. भिंतीला कान लावून शेजाऱ्याची भाषा शिकावी तसं. 2010 मध्ये तो कर्नलमध्ये आला. मग 2014 नंतरच्या कार्डांनी कंपनीची सही असलेलंच फर्मवेअर घ्यायला सुरुवात केली आणि नूवोला कार्डाचा वेग वाढवणंच अशक्य झालं. 2022 च्या मे महिन्यात एनव्हिडियाने नव्या कार्डांसाठी कर्नलमधला भाग खुला केला. 'पी' गेला, 'ओ' राहिला.

एनव्हिडियाचं ऑफिस पुण्यातही आहे. म्हणजे बाहेरच्यांना बंद असलेला कोड रोज उघडून बसणारी माणसं तुम्हाला वाडेश्वरला इडली खाताना भेटू शकतात, आणि त्यातला एखादा सुट्टीत संगमेश्वरला आपल्या घरीही येत असेल. तो काही दुष्ट नाही. त्याने करारावर सही केली आहे. मी पगारासाठी जो कोड लिहितो तोही बंदच आहे, आणि तो कोसळला तर ग्राहकाला आतलं सांगायला मलाही परवानगी नाही. त्यामुळे 'बंद म्हणजे वाईट' एवढ्यावर हा विषय संपवता येत नाही.

आता ज्यामुळे हे सगळं डोक्यात आलं ते सांगतो.

रत्नागिरीत मांडवीकडे माझा एक मित्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आजही घरोघरी त्याला 'कॅसेट कधी देणार' असंच विचारतात. विंडोजचं लायसन्स परवडत नाही आणि चोरीचं नको, म्हणून तो लिनक्सवर आला. ग्राफिक्स कार्ड लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेलं, बहुधा क्रिप्टोच्या खाणीतून सुटलेलं. कंपनी कुठली ते इथे महत्त्वाचं नाही. पावसाळ्यात कार्ड रेंडर करताना मरायला लागलं. स्क्रीन काळी, पंखा पूर्ण वेगात. पण मशीन जिवंत असायचं: फोनवर टर्मक्समधून एसएसएच केलं की आत जाता यायचं. त्याने करता येण्यासारखं सगळं केलं. ड्रायव्हरची जुनी आवृत्ती. जुना कर्नल. वेलँडऐवजी एक्स. रात्रभर मेमरी टेस्ट. तापमान तपासलं, ते ठीक होतं. शेवटी पूर्ण लॉग जोडून, कधी, काय करताना, किती वेळा, असं सगळं नीट लिहून बग रिपोर्ट टाकला. इंग्रजीत लिहायला त्याला एक अख्खी संध्याकाळ लागली.

उत्तर लवकर आलं. दोन ओळी. कर्नल टेंटेड आहे, ते मोड्यूल न वापरता पुन्हा घडवून दाखवा. रिपोर्ट बंद.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. त्यात देव उत्तर देईलच असं नाही, पण गाऱ्हाणं पूर्ण ऐकून घेतलं जातं एवढा भरवसा असतो. इथे पहिल्याच शब्दाला थांबवलं गेलं.

'ते मोड्यूल न वापरता' हे नियमाने बरोबर आहे. पण त्याचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर बंद ड्रायव्हरशिवाय कार्ड वापरतच नाही. मोड्यूल काढायचं म्हणजे तो रेंडरच होणार नाही, ज्यात कार्ड मरतं. आणि तोवर दोन लग्नांची तारीख येऊन ठेपलेली. बाण उलटा आहे असं मी वर म्हणालो. कागदावर आहेच. प्रत्यक्षात दार लावलं कंपनीने, खूण झाली कंपनीच्या ड्रायव्हरमुळे, आणि दाराबाहेर उभा राहिला मांडवीचा माणूस. कंपनीला त्या 'पी'चा काडीचाही त्रास झाला नाही. कंपनीलाही त्याने लॉग पाठवला होता. तिथून तर दोन ओळीही आल्या नाहीत.

मग त्याने तो लॉग मला पाठवला. कोसळण्याच्या नोंदीच्या थोडं वर, टेंटेड हा शब्द येण्याच्याही आधी, कर्नलच्या स्वतःच्या, संपूर्ण खुल्या कोडने छापलेल्या ओळी होत्या. पीसीआयई बस एरर, सुधारलेली, प्रकार फिजिकल लेअर. त्याच ओळीची दहा-बारा आवर्तनं, आणि मग कार्ड बसवर सापडत नसल्याची तक्रार. (ही बस म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामधला रस्ता. एसटी नव्हे, तरी खड्डे असतात.) फिजिकल लेअर म्हणजे तारा, टाके, संपर्क. कोड नाही. मी त्याला कार्ड काढून बघायला सांगितलं. सोनेरी पट्टीवर हिरवट-काळी साय होती. समुद्र दोनशे पावलांवर, पावसाळ्यात खिडकी उघडी. त्या हवेत लोखंडी जाळ्यांचं काय होतं ते मांडवीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. त्याने पट्टी शाळेच्या खोडरबराने पुसली, स्लॉट साफ केला, कार्ड घट्ट बसवलं. त्यानंतर ते पडलेलं नाही.

म्हणजे बंद ड्रायव्हर निर्दोष निघाला. ही गंमत मला विसरता येत नाही. सगळ्यांचा संशय ज्याच्यावर, ज्याच्या नावाने कर्नलने खूण केली, त्याने काहीच केलं नव्हतं. आणि तरीही त्याला आपलं निर्दोषत्व सिद्ध करता आलं नसतं, कारण ते सिद्ध करायला आत बघू द्यावं लागतं. त्याची सुटका झाली ती दुसऱ्या कुणाचा गुन्हा सापडला म्हणून. दार बंद ठेवण्याची ही एक किंमत आहे, जिचा कंपन्या हिशेब करत असतील असं वाटत नाही: तुम्ही खरे असलात तरी तुमच्या खरेपणाला साक्षीदार नसतो.

पण माझा जास्त विचार झाला तो त्या दोन ओळी लिहिणाऱ्या माणसाचा. तो कोण ते मला माहीत नाही आणि शोधायचंही नाही. अशी कामं करणाऱ्यांत पुष्कळ जण फुकट करतात, नोकरी सांभाळून, आणि समोर रिपोर्टांचा ढीग असतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत सकाळी अकरा वाजता डॉक्टरसमोर असतो तसा. त्याने माझ्या मित्राचं काही देणं लागत नव्हतं. ज्याने काही घेतलं नाही त्याच्याकडे हक्काने मागता येत नाही, हे मी मान्य करतो. खुणेचा उपयोगच मुळी त्याच्यासारख्यांचा वेळ वाचवणं हा आहे, आणि तो उपयोग रास्त आहे. कर्नलच्या कागदपत्रांतच लिहिलंय की डागाची फार काळजी करू नका, बहुतेक वेळा काही बिघडत नाही. आणि हेही लिहिलंय की अशा मशीनवरून आलेल्या तक्रारींकडे अनेकदा दुर्लक्ष होतं.

तरीही. खूण काय म्हणते? 'यातलं काही मला वाचता येत नाही.' त्या माणसाने तिचा अर्थ घेतला, 'मला यातलं काही वाचायची गरज नाही.' या दोन वाक्यांत फार थोडं अंतर आहे आणि माझ्या मते सगळा नैतिक प्रश्न त्या अंतरात आहे. न दिसणाऱ्या भागाबद्दल गप्प राहणं हा प्रामाणिकपणा. पण लॉगच्या त्या दहा-बारा ओळी बंद नव्हत्या. त्या त्याच्याच घरच्या कोडने, त्याच्याच भाषेत लिहिल्या होत्या. खुणेने त्या झाकल्या नव्हत्या. खूण दिसल्यावर नजर तिथून वर गेलीच नाही. खरी, उपयोगी, कुणावर अन्याय न करणारी खूण विटाळासारखी वागायला लागते ती इथे. तिच्यात काही बदल होत नाही. तिच्याकडे बघून आपण काय बघायचं थांबवतो, ते बदलतं.

तिसरी ओळ लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. ड्रायव्हरचं मी सांगू शकत नाही, पण वर बसच्या चुका दिसतायत, कार्ड नीट बसलंय का बघा. एवढीच. कंपनीच्या बंद कोडबद्दल एक शब्दही न बोलता.

एक गोष्ट अजून राहिली. 'पी' नसलेला कर्नल म्हणजे आत सगळं उघडं, असंही नाही. आजच्या ग्राफिक्स कार्डावर स्वतःचे छोटे प्रोसेसर असतात आणि त्यांच्यावर स्वतःचं सॉफ्टवेअर चालतं. एनव्हिडियाने कर्नलमधला भाग खुला केला तेव्हा बरंचसं काम आधीच अशा फर्मवेअरमध्ये गेलं होतं, आणि ते बंद आहे. एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कर्नलमध्ये खुले आहेत, पण त्यांचीही फर्मवेअरं बंदच. यासाठी कर्नल कुठलीही खूण करत नाही, कारण ते कर्नलच्या मेमरीत चालत नाही, कार्डावर चालतं. बैठकीची खोली सगळ्यांना मोकळी, तिजोरी तेवढी माजघरात नेली. अशा मशीनला विचारलं तर उत्तर शून्य येतं. माझ्या मित्राला 12289 मुळे नाकारलं गेलं. शून्यवाल्याला नाकारणार नाहीत, पण त्याचाही माग कधीतरी अशाच एका दारापाशी संपू शकतो.

हे तुम्ही फोनवर वाचत असाल, आणि तो अँड्रॉइड असेल तर त्यातही लिनक्सचाच कर्नल आहे. क्वालकॉमच्या अ‍ॅड्रीनो ग्राफिक्ससाठी 'फ्रीड्रीनो' नावाचा खुला प्रकल्प आहे, नूवोसारखाच बाहेरून कान लावून सुरू झालेला. फोनवर पीसीचे गेम चालवणारी पोरं 'टर्निप' नावाचा जो ड्रायव्हर टाकतात, तो त्याच कुळातला. बारावीतला माझा मावसभाऊ मला या टर्निपच्या कुठल्या आवृत्तीवर कुठला गेम कोसळतो ते तोंडपाठ सांगतो. त्याला मी विचारलं, कोसळल्यावर लॉग वाचतोस का? म्हणाला, दादा, वाचतो ना, पण टेंटेडच्या खालचा.